युटा-अ‍ॅरिझोनातले कॅनियन आणि नॅशनल पार्क : कुठं थांबायचं, कधी थांबायचं, फोटो कसे काढायचे

डोंगरवेल

"आईबाबा येताहेत. लास व्हेगासला उतरून पाच दिवसांत ग्रँड कॅनियन, अँटिलोप, मॉन्युमेंट व्हॅली, आर्चेस, ब्राइस आणि झायन होईल ना?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. होतं. आळीपाळीनं गाडी चालवणारे दोघं असतील तर सगळं होतं. पण मग जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तुम्ही पोचता ते भर दुपारी, कारण सकाळ आणि संध्याकाळ गाडीत गेलेली असते. हा सगळा प्रदेश भर दुपारी सपाट आणि पांढुरका दिसतो. घरी येऊन फोटो पाहताना "प्रत्यक्षात फार भारी होतं हो, फोटोत नाही आलं" असं म्हणावं लागतं ते यामुळे. कॅमेरा बदलून त्यात काही फरक पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दोन ठिकाणं निवडा, फार तर तीन. प्रत्येक ठिकाणी एक तरी पहाट आणि एक तरी संध्याकाळ मिळेल असा मुक्काम करा. बाकीची या खेपेला सोडून द्या.

का, ते अँटिलोपपासून सांगते. पेज या गावाजवळची ही अरुंद घळ नावाहो सँडस्टोन या लालसर वाळूच्या दगडात पाण्यानं कोरलेली आहे. तिचे नारिंगी-जांभळे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तो रंग थेट उन्हाचा नसतो. ऊन जिथं थेट भिंतीवर पडतं ती जागा फोटोत पांढरीफटक येते. रंग येतो तो एका भिंतीवर आपटून दुसरीवर, तिथून तिसरीवर असा टप्पे खात खाली उतरलेल्या उजेडाला. लाल दगडावरून परतलेला उजेड लालसर होतो, प्रत्येक टप्प्याला आणखी गडद होतो. जिथं हा पोचत नाही आणि फक्त वरच्या निळ्या आकाशाचा उजेड येतो, तिथं भिंत जांभळट दिसते. एकाच भिंतीवर, वीतभर अंतरात, हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळताना दिसतात. सूर्य दहा मिनिटं सरकला की ती सगळी मांडणी बदलते.

हेच कॅनियनलँड्समधल्या मेसा आर्चला. ती कमान कड्याच्या अगदी टोकाला आहे. सूर्य उगवला की खालच्या लाल कड्यावर ऊन पडतं आणि तिथून वर परतून कमानीच्या पोटाला लागतं. कमान खालून पेटल्यासारखी दिसते ती तेवढाच वेळ. नऊ वाजता पोचलात तर तीच कमान साधी तपकिरी असते.

ब्राइसला कॅनियन म्हणतात, पण ती एका नदीनं कोरलेली दरी नाही. पठाराची कड झिजून तयार झालेले ते अर्धगोलाकार खळगे आहेत आणि त्यात हजारो सुळके उभे आहेत. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं. वर्षातल्या निम्म्याच्या आसपास रात्री हे चालतं आणि दगड फुटत राहतो. महत्त्वाचं म्हणजे हे खळगे पूर्वेकडं तोंड करून आहेत. सकाळचं ऊन सुळक्यांच्या मागून-बाजूनं येतं आणि ते पातळ दगड आतून उजळल्यासारखे दिसतात. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं पठाराआड जातो आणि समोर नुसती सावली. सनसेट पॉइंट असं नाव आहे म्हणून लोक तिथं सूर्यास्ताला गर्दी करतात. तुम्ही तिथं पहाटे जा.

ग्रँड कॅनियनची दक्षिण कड याहून वेगळी, म्हणजे उत्तरेकडं तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा ऊन आडवं येतं आणि आतल्या कड्यांचे थर सुटे सुटे दिसतात. संध्याकाळी होपी पॉइंट, पहाटे याकी किंवा माथर पॉइंट. होपीच्या रस्त्यावर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या जात नाहीत आणि याकीला तर कधीच नाही, बसनं जावं लागतं. सूर्यास्ताआधी दीड तास पोचा आणि सूर्य बुडाल्यावर लगेच परतीच्या रांगेत पळू नका. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत दरीत जो गुलाबी-निळा उजेड भरतो, माझे आवडते फोटो त्या वेळचे आहेत.

प्रश्न, अनुभव, प्रचि (प्रकाशचित्रं), सगळं येऊ द्या.

नवखा_पाहुणा

वाखूसा (वाचनखूण साठवली)! ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच जातोय. अँटिलोपच्या दोन भागांपैकी अप्पर घ्यायचं की लोअर? आणि ट्रायपॉड लागेल का? माझ्याकडं साधा क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि सोबत आलेली किट लेन्स आहे.

डोंगरवेल

ट्रायपॉड घरी ठेवा. पूर्वी खास फोटोग्राफर मंडळींसाठी वेगळ्या टूर असायच्या, त्या आता बंद झाल्या. आत ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, पाठीवरची पिशवी यातलं काही नेऊ देत नाहीत. कॅमेरा गळ्यात आणि पाण्याची बाटली हातात, एवढंच.

अप्पर तळाशी रुंद आणि वर अरुंद आहे. म्हणून त्यात उजेडाचे ते खांब उतरतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, मध्यान्हीच्या आसपास. ती वेळ सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीची. लोअर उलट आहे, वर रुंद आणि पायाशी इतकी अरुंद की काही ठिकाणी पाऊल तिरकं टाकावं लागतं. तिथं खांब फारसे दिसत नाहीत, पण भिंतींचे आकार आणि रंग मला लोअरमध्ये जास्त आवडतात.

हातात धरून काढायचं तर : आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ते १६००, छिद्र (अ‍ॅपर्चर) ४ ते ५.६, शटर १/६० सेकंदापेक्षा सावकाश नको. रॉ मध्येच (म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. फ्रेममध्ये वरचं आकाश घेऊ नका. ती एक पांढरी फट सगळा फोटो खाऊन टाकते, कारण आतला अंधार आणि बाहेरचा उजेड दोन्ही एकत्र पकडणं सेन्सरला झेपत नाही. आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्याला वाटतं हा नारिंगी रंग म्हणजे दिव्याचा दोष आहे, आणि तो बिचारा सगळं राखाडी करून देतो. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा.

आत लेन्स बदलू नका. वरून बारीक वाळू सतत झरत असते. किट लेन्सचं १८ मिमी टोक पुरेसं आहे.

टपरीचा_चहा

लेख छान आहे, पण मूळ मुद्द्याशी असहमत. सगळ्यांना दर वर्षी येता येत नाही. माझे सासू-सासरे एकदाच आले, पुन्हा येण्यासारखी तब्येत नाही. त्यांना सगळं थोडं थोडं दाखवलं. फोटो पांढुरके आले असतील, पण ग्रँड कॅनियन पाहिला, आर्चेस पाहिलं, याचा त्यांना आनंद आहे. फोटोग्राफरच्या सोयीनं सहल आखायची का?

डोंगरवेल

टपरीचा_चहा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना आनंद झाला हे महत्त्वाचंच. पण मी फक्त कॅमेऱ्याचं बोलत नाहीये. डोळ्यांनाही हा प्रदेश सकाळ-संध्याकाळच दिसतो. पेजहून आर्चेसजवळच्या मोआब गावाला साडेचार-पाच तास लागतात. मोआबहून परत व्हेगास म्हणजे पूर्ण दिवस. पाच दिवसांतले दोन रस्त्यावर जातात, तेही वयस्कर माणसांचे, पाय आखडून. त्याऐवजी व्हेगासहून झायन अडीच-तीन तास, झायनहून ब्राइस दोन तासांच्या आत. एवढंच केलं तर आजी-आजोबा संध्याकाळी नदीकाठी बाकावर बसून कडे लाल होताना पाहू शकतात. एकदाच येणाऱ्यांसाठी तर हे जास्तच करावं असं मला मनापासून वाटतं.

टपरीचा_चहा

बाकावर बसण्याचा मुद्दा पटला. ग्रँड कॅनियन वगळणं मात्र अजूनही जड जातंय. तिकडं घरी पहिला प्रश्न तोच विचारतात.

डोंगरवेल

मग ग्रँड कॅनियन ठेवा आणि आर्चेस-मॉन्युमेंट व्हॅली सोडा. दक्षिण कडेहून पेज अडीच तास, पेजहून झायन दोन तास. हे त्रिकूट जमतं.

गारगोटी

ग्रँड कॅनियनचा विषय निघालाच आहे तर थोडं दगडांबद्दल. कडेवर तुम्ही उभे असता तो कैबाब चुनखडक साधारण २७ कोटी वर्षांचा. सह्याद्रीतला आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे तिथला सगळ्यात वरचा, सगळ्यात 'तरुण' थरसुद्धा आपल्या डोंगरांच्या चौपट वयाचा आहे. तळाशी नदीजवळ जे काळपट, उभे, चुरगळलेले खडक दिसतात ते १७०-१८० कोटी वर्षांचे. आणि त्या तळाच्या खडकांचं नाव विष्णू! विष्णू शिस्ट.

ही नावं १८८० च्या दशकापासूनची. क्लॅरन्स डटन नावाचा भूशास्त्रज्ञ तिथं सर्वेक्षण करत होता. दरीतले ते प्रचंड सुळके त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. त्यानं विष्णू टेम्पल असं नाव दिलं आणि मग तीच रीत पडली. ब्रह्मा टेम्पल, शिवा टेम्पल, बुद्धा टेम्पल, झोरोआस्टर टेम्पल ही सगळी नावं नकाशावर आहेत. कडेवर मिळणाऱ्या नकाशात ती शोधा आणि मग समोर शोधा. आईबाबांना हे दाखवलंत तर त्यांना दरी वाचायला एक धागा मिळतो. विष्णू टेम्पल पूर्वेकडच्या बाजूला आहे, डेझर्ट व्ह्यूकडं जाताना सोपं दिसतं.

फोटोसाठी यात एक उपयोगाची गोष्ट आहे. ग्रँड कॅनियनला बहुतेक जण वाइड लेन्स लावतात आणि सगळी दरी कोंबायला बघतात. ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद दरी कुठल्याच चौकटीत मावत नाही. ७०-२०० मिमीची लांब लेन्स लावा, एकच सुळका घ्या, त्याच्यामागं फिकट होत जाणारे तीन-चार कडे घ्या. खोली तशी कळते.

डोंगरवेल

गारगोटी, जियो! लांब लेन्सबद्दल शंभर टक्के सहमत.

दक्षिण कडेवर कोल्ब बंधूंचा स्टुडिओ आहे, तोही चुकवू नका. १९०० च्या दशकाच्या सुरुवातीला एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या दोन भावांनी अगदी कड्याला चिकटून लाकडी स्टुडिओ बांधला. सकाळी खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढायचे आणि ते वर परत येईपर्यंत छापून तयार ठेवायचे, हा धंदा. अडचण पाण्याची. कडेवर काचा धुण्याजोगं स्वच्छ पाणी नव्हतं. म्हणून एमरी काचेच्या निगेटिव्ह घेऊन ब्राइट एंजल वाटेनं साडेचार मैल खाली झऱ्याजवळच्या अंधाऱ्या खोलीकडं पळत जायचा, तिथं धुवायचा आणि खेचरं परतायच्या आत चढून वर यायचा. ज्यानं ती वाट थोडी जरी उतरून पाहिली असेल त्याला हे वाचून घाम फुटेल. ती जागा आता हवासुपाई गार्डन्स म्हणून ओळखली जाते. २०२२ साली पार्कनं जुनं नाव बदललं, कारण हवासुपाई या मूळ रहिवासी जमातीचे लोक तिथं राहून शेती करायचे आणि पार्क झाल्यावर त्यांना तिथून हुसकलं गेलं.

कोकणकडा

इकडं पुण्यात बसून धागा वाचतोय. अँटिलोपचं वर्णन वाचताना सारखी आपली सांदण दरी डोळ्यांपुढं येत होती. साम्रदजवळची, रतनगडाच्या पायथ्याची. दगड वेगळा, रंग नाही, पण दोन्ही बाजूंनी कातळ आणि वर आकाशाची चिंधी हे तसंच. तिथं फोटो काढताना हीच अडचण येते, वर पांढरं आणि खाली काळं. तुमची आकाश वगळायची युक्ती पुढच्या हिवाळ्यात वापरणार.

एक विचारायचं होतं. सांदणला पावसाळ्यात कुणी शहाणा माणूस उतरत नाही. तिकडं वाळवंटात हा धोका नसेल ना?

मृगजळ

कोकणकडा, असतो, आणि सांदणपेक्षा फसवा असतो. मी फिनिक्सला राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे आमच्याकडंही मान्सून असतो आणि इथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर. सकाळी निरभ्र, दुपारी तीनच्या सुमारास ढग चढतात आणि कुठंतरी एका जागी तासभर धो धो पडतो. जमीन म्हणजे उघडा खडक आणि भाजलेली माती. पाणी मुरतच नाही, पत्र्यावर ओतल्यासारखं वाहत सुटतं आणि सगळं पाणी घळींकडं येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पूर येतो तो दहा-पंधरा मैलांवर पडलेल्या पावसाचा.

१२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये असंच झालं. पाऊस पडला तो वरच्या अंगाला कित्येक मैलांवर. घळीत पाण्याची भिंत आली आणि ११ पर्यटक गेले. त्या वेळी आत असलेल्यांपैकी एकटा गाईड वाचला. तेव्हा उतरायला साध्या शिड्या होत्या. आता खडकात पक्के बसवलेले लोखंडी जिने आहेत, पावसाचा इशारा मिळाला की टूर रद्द करतात. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण अशाच पुरात गेले. तो त्यांचा सगळा गट होता.

त्यामुळे टूर रद्द झाली तर कृपा करून काउंटरवर हुज्जत घालू नका. "आम्ही भारतातून आलोय, उद्या फ्लाइट आहे" हे वाक्य मी तिथं ऐकलंय. आकाश निळं दिसत असतानाच रद्द होणार, कारण धोका निळ्या आकाशाखालीच येतो.

झायनच्या नॅरोज वाटेवर तुम्ही सरळ व्हर्जिन नदीच्या पात्रातून चालता. तिथं पुराच्या शक्यतेचा अंदाज रोज लावलेला असतो. त्यात 'अपेक्षित नाही'पासून 'अपेक्षित'पर्यंत अशा पायऱ्या असतात. पुराचा इशारा निघाला की वाट बंद होते. वितळलेल्या बर्फानं नदी फुगली आणि प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला तरी बंद, म्हणून वसंतात बरेचदा आठवडेच्या आठवडे मिळत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर चांगला. झायनलगतच्या स्प्रिंगडेल गावात बूट आणि काठी भाड्यानं मिळतात, दोन्ही घ्या. तळाचे गोटे पाण्याखाली दिसत नाहीत आणि भयानक निसरडे असतात.

कोकणकडा

बापरे. हे माहीत नव्हतं. धन्यवाद मृगजळ, हा प्रतिसाद मूळ लेखात वर घ्यायला हवा.

पिंपळपान

न्यू जर्सीहून. आई ७१, गुडघे दुखतात. बाबा ७५, मधुमेह. कुठं कुठं नेता येईल? आणि पार्कांच्या प्रवेश-पासाबद्दल काहीतरी नवीन नियम आलाय म्हणे?

डोंगरवेल

पिंपळपान, बरंच काही पाहता येईल. ग्रँड कॅनियनच्या कडेची वाट बरीचशी डांबरी, बसचे थांबे जवळ जवळ. ब्राइसला सनराइज ते सनसेट पॉइंटचा अर्ध्या मैलाचा पट्टा सपाट आणि पक्का आहे. झायनमध्ये पारूस वाट आणि रिव्हरसाइड वॉक. अप्पर अँटिलोप आतून सपाट आहे, पण बाहेर पडल्यावर परतीला पायऱ्या आहेत. लोअरचे जिने उभे आहेत, गुडघ्यांना नकोत. पेजजवळचा हॉर्सशू बेंड थोडं चालून गाठता येतो, सावली मात्र नाही, तेव्हा सकाळी.

ब्राइसची उंची विसरू नका. २४०० ते २७०० मीटर. कळसूबाई १६४६. पहिल्या दिवशी धाप लागते, हळू चाला, रात्री थंडी असते. मे महिन्यातही जॅकेट लागतं.

पास : २०२६ पासून बदल झाला आहे. इथल्या रहिवाशांना वर्षाचा पास ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांना २५०. आणि ११ गर्दीच्या पार्कांत वर्षाचा पास नसलेल्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त. ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस त्या यादीत आहेत, आर्चेस आणि कॅनियनलँड्स नाहीत. तेव्हा आईबाबांना घेऊन जाताना हिशेब नीट करा आणि तिकिटं काढायच्या आधी पार्क सर्व्हिसचं संकेतस्थळ बघा. अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहेत, तिथं हा पास चालतच नाही, वेगळे पैसे भरावे लागतात.

मृगजळ

उन्हाबद्दल जोडते, खास बाबांसाठी. जून-जुलैत ग्रँड कॅनियनच्या कडेवर २८ अंश असेल तेव्हा तळाशी ४० च्या वर असतं. सह्याद्रीत आपण आधी चढतो, दमलो की परत फिरतो. इथं आधी उतार असतो, ताजेतवाने असताना माणूस भराभर खाली जातो आणि चढ येतो तो भर उन्हात. दहा ते चार या वेळात उन्हाळ्यात दरीत असूच नये.

आणि नुसतं पाणी पीत राहू नका. घामातून मीठ जातं, वर साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर आणि उलट्या सुरू होतात. लोकांना वाटतं ऊन लागलं, म्हणून ते आणखी पाणी पाजतात. सोबत खारं काहीतरी खा. चिवडा, खारे शेंगदाणे, मिठाच्या गोळ्या. बाबांना मधुमेह आणि बहुधा बीपीच्या गोळ्याही असतील, तर मिठाचं डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

टपरीचा_चहा

खाण्यावरून आठवलं. मोआब, पेज, ब्राइस, सगळीकडं शाकाहारी माणसाचे हाल. पिझ्झा, बीन बरिटो, पुन्हा पिझ्झा. आम्ही इलेक्ट्रिक कुकर नेला होता. खिचडी, मेतकूट-भात, तूप. सासूबाई खूश.

पिंपळपान

हे भारी! कुकर नक्की.

रानजाई

रात्रीच्या फोटोंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या भागासारखं काळं आकाश फार कमी ठिकाणी उरलंय. युटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क (काळं आकाश जपणारं उद्यान) ठरलं. तिथला ओवाचोमो हा नैसर्गिक दगडी पूल आणि त्याच्यावर उभी आकाशगंगा, यासाठी मी आडवाट करून जातो. एप्रिल ते सप्टेंबर, अमावास्येच्या आसपासचे चार दिवस. १४ ते २० मिमी लेन्स, छिद्र २.८, आयएसओ ३२००, १५-२० सेकंद. इथं ट्रायपॉड हवाच. फोकस आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर हातानं लावा आणि टेप चिकटवून टाका.

कमानीवर, पुलावर टॉर्च मारू नका. अंधारात तुमच्याशेजारी आणखी चार जण शटर उघडून उभे असतात. लाल दिव्याचा हेडलॅम्प वापरा.

ड्रोनचा विचार असेल तर सोडा. नॅशनल पार्कांत २०१४ पासून बंदी आहे, नावाहो जमिनीवरही.

गारगोटी

पायाखाली बघा, हेही सांगायला हवं. आर्चेस-कॅनियनलँड्सला वाटेच्या बाजूला काळसर, खडबडीत, बुरशीसारखी दिसणारी माती असते. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळं यांनी धरून ठेवलेला थर. तोच वाळू उडू देत नाही, तोच ओल धरतो. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. चांगल्या कोनासाठी वाट सोडून दोन पावलं आत जाणारे मी पाहतो आणि पोटात कालवतं. उघड्या खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चाला.

आर्चेसमधल्या डेलिकेट आर्चला संध्याकाळी सगळे समोरच्या उतारावर बसतात आणि कमान मोकळी ठेवतात. कुणीतरी खाली जाऊन पाच-पाच मिनिटं पोझ देत बसतो, तो आपला माणूस नसावा एवढी इच्छा.

डोंगरवेल

गारगोटी, मनातलं लिहिलंत.

याच ओघात नावाहो जमिनीबद्दल. मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप, कॅनियन द शे ही माणसांची राहती ठिकाणं आहेत. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं नावाहो लोकांना तिथून शेकडो मैल चालवत हाकलून नेलं. १८६८ च्या तहानंतर ते परत आले. कॅनियन द शेमध्ये आजही कुटुंबं शेती करतात, तळाशी जायला बहुतेक ठिकाणी नावाहो गाईड लागतो. घरं, मेंढ्या, माणसं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. गाईडशी बोला, त्याला सूर्य कुठल्या वळणावर कधी येतो हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगलं माहीत असतं.

नवखा_पाहुणा

सगळं वाचून बेत बदलला. आता स्प्रिंगडेल दोन रात्री, ब्राइस दोन, पेज एक, बस. आर्चेस काढून टाकलं. आता एकच शंका : पेजची टूर ११ ला आहे आणि त्या दिवशी सकाळी ब्राइसहून निघतोय. अडीच-तीन तासांचा रस्ता दाखवतोय. वेळेचा काहीतरी घोळ आहे असं ऐकलं.

मृगजळ

हो, घोळ आहे पण तुमच्या बाजूचा आहे. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही, युटा करतं. ऑक्टोबरमध्ये पेज युटाच्या एक तास मागं. म्हणजे ब्राइसहून युटाच्या आठला निघालात तर पेजला पोचाल तेव्हा तिथं दहाच्या आसपास वाजले असतील. गंमत अशी की नावाहो नेशन अ‍ॅरिझोनात असूनही घड्याळ पुढं करतं, पण अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेनं चालतात. तुमचा फोन मात्र कधी युटाचा टॉवर पकडतो, कधी नावाहोचा, आणि हॉटेलच्या खोलीत बसल्या बसल्या तासभर पुढं जातो. फोनवर 'फिनिक्स' शहराची वेळ हातानं लावून ठेवा.

डोंगरवेल

आणि ब्राइसहून आठला निघायचं म्हणजे त्या दिवशीची पहाट तुम्हाला मिळतेच. आदल्या रात्री सामान गाडीत भरून ठेवा, इन्स्पिरेशन पॉइंटला उजाडायच्या अर्धा तास आधी उभे राहा, हातमोजे घाला. ऊन सुळक्यांच्या टोकांना लागून खाली उतरेपर्यंत थांबा आणि मग निघा. झब्बू (उत्तरादाखल तुमचे फोटो) इथंच टाका.